देणगी एकाला, माहिती भलत्याच्या कपाटात: ब्लॅकबॉड प्रकरण

16 जुलै 2020 रोजी ब्लॅकबॉड या, देणगीदारांच्या नोंदी सांभाळणारे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना एक सूचना पाठवली. ग्राहक म्हणजे सेवाभावी संस्था, विद्यापीठे, शाळा, संग्रहालये आणि रुग्णालयांसाठी निधी जमवणारी प्रतिष्ठाने. सूचनेचा आशय असा: आमच्यावर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला झाल्याचे मे महिन्यात आमच्या लक्षात आले. आमच्या यंत्रणा कुलूपबंद करण्याचा हल्लेखोराचा डाव आम्ही हाणून पाडला, पण त्याआधी त्याने काही माहितीची प्रत काढून नेली होती. आम्ही त्याला पैसे दिले आणि ती प्रत नष्ट केल्याची कबुली घेतली. क्रेडिट कार्ड, बँक खाती किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेत ओळखीसाठी वापरला जाणारा सरकारी क्रमांक) त्याच्या हाती लागलेले नाहीत.

ज्यांची माहिती गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ब्लॅकबॉड हे नावही ऐकले नसेल. त्यांनी देणगी दिली होती ती एखाद्या संशोधन संस्थेला, आपल्या जुन्या विद्यापीठाला किंवा आईवर जिथे उपचार झाले त्या रुग्णालयाला. वेबसाइटवर लोगो संस्थेचा होता, आभाराचे पत्रही संस्थेच्याच नावाने आले होते. नाव, पत्ता, देणग्यांचा इतिहास आणि त्यासोबत जमत गेलेले बाकी सगळे मात्र तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर होते.

सेवाभावी संस्थेच्या वेबसाइटवरील गोपनीयतेची चर्चा बहुधा कुकीच्या पट्टीपासून सुरू होते आणि ‘आम्ही तुमची माहिती कोणालाही विकत नाही’ या वाक्यापाशी थांबते. ब्लॅकबॉड प्रकरणात कोणी काही विकलेले नव्हते. माहिती गेली, कारण ती साठवलेली होती, आणि तिच्यातली बरीचशी साठवून ठेवण्याचे काही कारणच उरलेले नव्हते. या प्रकरणातली हीच गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष गेले.

फॉर्म भरल्यानंतर काय होते

ब्लॅकबॉड ही अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटनची कंपनी, 1981 पासूनची. तिचे रेझर्स एज हे सॉफ्टवेअर निधी उभारणाऱ्यांच्या जगात घरोघरी माहीत आहे. देणगीदारांची यादी, कोणी कधी किती दिले, कोणाला कुठले पत्र गेले, कोणाला पुन्हा कधी फोन करायचा, हे सगळे त्यात राहते. लहान संस्थेला स्वतःचा सर्व्हर, स्वतःचा तंत्रज्ञ, स्वतःची सुरक्षा परवडत नाही. अशा संस्थेने तयार सेवा घेणे अगदी शहाणपणाचे आहे.

देणगीच्या पानावरचा साधा फॉर्म घ्या. नाव, पत्ता, ईमेल, फोन, रक्कम. ब्रिटनमध्ये घरचा पत्ता मागण्याला भक्कम कारण आहे: गिफ्ट एड योजनेत देणगीवरची करसवलत संस्थेला मिळवायची असेल तर दात्याचे पूर्ण नाव आणि घरचा पत्ता असलेले घोषणापत्र लागते. शिवाय ज्या देणगीवर सवलत घेतली, तिच्या नोंदी शेवटच्या देणगीनंतर 6 वर्षे जपाव्या लागतात. म्हणजे पत्ता कशासाठी आणि किती काळ, या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे. जन्मतारखेच्या रकान्याचे काय? फोन नंबर सक्तीचा कशाला? ‘ही देणगी कोणाच्या स्मरणार्थ आहे का’ या चौकटीत लोक मृत व्यक्तीचे नाव, नाते, कधी कधी आजारही लिहितात. ते दहा वर्षांनी कोणाला हवे असते?

फॉर्म ही तर सुरुवात. नोंद एकदा डेटाबेसमध्ये गेली की ती वाढू लागते. मोठ्या देणग्या मिळवणारे कर्मचारी तिच्यात भेटीच्या टिपा जोडतात: निवृत्त झाले, घर विकले, मृत्युपत्रात संस्थेला काही ठेवायचा विचार आहे. काही संस्था बाहेरच्या कंपन्यांकडून दात्यांच्या ऐपतीचा अंदाज काढून घेतात. त्याला त्या क्षेत्रात ‘वेल्थ स्क्रीनिंग’ म्हणतात. हे दात्यांना न सांगता केल्याबद्दल ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी डिसेंबर 2016 मध्ये आरएसपीसीए या प्राणी कल्याण संस्थेला 25,000 पौंडांचा आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला 18,000 पौंडांचा दंड केला होता. पुढच्या एप्रिलमध्ये आणखी 11 संस्थांना दंड झाला. दात्याच्या बाजूने पाहा. त्याने वीस पौंड दिले, आणि त्या बदल्यात कोणीतरी त्याच्या घराची किंमत काढून नावापुढे लिहून ठेवली.

रुग्णालयांच्या बाबतीत प्रकार जास्त नाजूक होतो. अमेरिकेतला आरोग्य गोपनीयतेचा कायदा, हिपा, निधी उभारणीसाठी रुग्णाची काही माहिती वापरू देतो: उपचाराच्या तारखा, विभाग, डॉक्टरचे नाव, उपचाराचा परिणाम. यामागचा हेतू समजतो. ज्याचा रुग्ण दगावला त्याच्या घरी देणगीचे पत्र जाऊ नये. पण निधी विभागाच्या यादीत एखाद्या नावापुढे कर्करोग विभाग आणि तारीख आली, की ती यादी देणगीदारांची राहत नाही. तो एका अर्थाने वैद्यकीय कागदच झाला. वेबसाइटवरून आलेली नावे आणि रुग्णालयातून आलेली नावे एकाच डेटाबेसमध्ये शेजारी शेजारी बसतात.

तीन महिने कोणाला पत्ता नाही

अमेरिकी नियामकांच्या कागदपत्रांतून घटनाक्रम स्पष्ट होतो. 7 फेब्रुवारी 2020 रोजी हल्लेखोर आत शिरला तो एका ग्राहकाचे लॉगिन आणि पासवर्ड वापरून. शिरला त्या ग्राहकाच्या जागेत, पण तिथेच थांबला नाही. यंत्रणेतल्या जुन्या त्रुटी आणि प्रशासकांची खाती वापरत तो एकाच्या जागेतून दुसऱ्याच्या जागेत सरकत गेला, स्वतःसाठी नवी प्रशासक खातीही उघडली. कंपनीला सुगावा लागला 20 मे रोजी, बॅकअप सर्व्हरवरचे एक संशयास्पद लॉगिन एका अभियंत्याच्या नजरेस पडले तेव्हा. तोवर 13,000 हून अधिक ग्राहक संस्थांच्या दहा लाखांहून अधिक फाइली बाहेर गेल्या होत्या.

कंपनीने 24 बिटकॉइन मोजले, त्या वेळच्या भावाने दोन लाख डॉलरहून जास्त. बदल्यात मिळाले ते माहिती पुसून टाकल्याचे आश्वासन, तेही ती चोरणाऱ्याकडून. ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, आपल्या तक्रारीत नोंदवले आहे की माहिती खरोखर पुसली गेली का, याची निर्णायक पडताळणी कंपनीला करता आलेली नाही. ती करता येतही नाही. फाइलची प्रत निघाली की ती किती ठिकाणी गेली, हे मूळ फाइल कधीच सांगू शकत नाही.

एफटीसीच्या तक्रारीत सुरक्षेतल्या ढिलाईची यादी आहे: साधे किंवा पहिल्यापासून ठरवून दिलेले पासवर्ड चालवून घेतले, दुहेरी पडताळणी सगळीकडे सक्तीची केली नाही, त्रुटी दुरुस्त करणारे पॅच वेळेत बसवले नाहीत. हे सगळे गंभीर, पण अनेक हल्ल्यांच्या अहवालांत दिसणारे. मी थांबतो तो दुसऱ्या एका तपशिलापाशी.

ब्लॅकबॉडच्या सॉफ्टवेअरमध्ये बँक खाते किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी नेमून दिलेले रकाने होते आणि त्यांतला मजकूर एन्क्रिप्ट होत असे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवला जात असे. पण संस्थांचे कर्मचारी तीच माहिती इतर रकान्यांतही टाकत, आणि तिथे ती उघडी राहत असे. अपलोड केलेल्या जोडफाइली एन्क्रिप्ट होत नव्हत्या. डेटाबेसच्या बॅकअप फाइलीही तशाच. कार्यालयात हे कसे घडते, ते कल्पनेने सहज दिसते. दाता फोनवर खाते क्रमांक सांगतो, समोर ‘टीप’चा रकाना उघडा असतो, घाईत तिथेच लिहिला जातो. किंवा सही केलेल्या फॉर्मचे स्कॅन ‘जोडा’ बटणावरून नोंदीला लटकवले जाते. कर्मचाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पुढच्या वेळी शोधायला नको, एवढेच. वेबसाइटवरच्या धोरणात ‘आर्थिक माहिती सुरक्षित ठेवली जाते’ असे लिहिणाऱ्याला या टिपेच्या रकान्याची गंधवार्ता नसते.

निरोपच चुकीचा

20 मे ते 16 जुलै, जवळजवळ दोन महिने गेल्यावर संस्थांना कळवले गेले. त्या काळात कंपनीने काय तपासले, हे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या आदेशात आहे: कोणत्या ग्राहकांना झळ बसली हे ठरवायला मुख्यतः फाइलींची नावे पाहिली गेली. आतला मजकूर न पाहताच ‘बँक खाती सुरक्षित’ असे सांगून टाकले. सूचना गेल्यावर काही दिवसांतच कंपनीच्या तांत्रिक आणि ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना समजले की उघड्या स्वरूपातले खाते क्रमांक आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक हल्लेखोराने नेले आहेत. ही बातमी वर, जाहीर निवेदनांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही, कारण ती पोहोचवण्याची व्यवस्थाच नव्हती. ऑगस्टमधल्या तिमाही अहवालात अशी माहिती जाण्याचा धोका अजून ‘घडू शकेल’ अशाच भाषेत मांडला गेला. खरी स्थिती जाहीर झाली सप्टेंबरच्या अखेरीस.

या दोन-अडीच महिन्यांत संस्थांनी काय केले, ते पाहू. त्यांनी कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्या दात्यांना पत्रे लिहिली. नॅशनल ट्रस्टसारख्या मोठ्या ब्रिटिश संस्थेने स्वयंसेवक आणि निधी उभारणीशी संबंधित लोकांची माहिती यात असल्याचे सांगितले. अनेक पत्रांत तेच आश्वासन पुढे गेले: बँकेचे तपशील गेलेले नाहीत, तुम्हाला काही करण्याची गरज नाही. ज्या संस्थांच्या बाबतीत हे खोटे निघाले, त्यांना दुसरे पत्र लिहावे लागले. पहिल्या पत्रावर निश्चिंत झालेल्या माणसाला दुसऱ्या पत्रात ‘खाते तपासा’ असे सांगणे किती जड गेले असेल! आणि मधल्या काळात त्याने खाते तपासले नव्हते, कारण तसे करू नका असेच जवळपास सांगितले होते.

युरोपातल्या जीडीपीआर या माहिती संरक्षणाच्या नियमांत याची चौकट आहे. संस्था ही माहितीची ‘नियंत्रक’, ब्लॅकबॉडसारखी कंपनी तिच्या वतीने काम करणारी ‘प्रक्रियाकर्ती’. प्रक्रियाकर्त्याला भंग कळला की त्याने विनाविलंब नियंत्रकाला सांगायचे आणि नियंत्रकाने, त्याला कळल्यापासून 72 तासांत, नियामकाला. हे 72 तासांचे घड्याळ संस्थेच्या डोक्यावर टिकटिकते. कंपनीसाठी तसा ठोस आकडा नाही. दोन महिने वाट पाहिलेल्या संस्थेला मग तीन दिवसांत आपल्या हजारो नोंदी चाळाव्या लागतात. कराराच्या वेळी ‘विनाविलंब’ या शब्दाच्या जागी तासांचा आकडा लिहून घ्यायला हवा, हा मला या प्रकरणातून मिळालेला सर्वात स्वस्त आणि उपयोगी धडा वाटतो.

दंड आणि जबाबदारी

मार्च 2023 मध्ये सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनला कंपनीने 30 लाख डॉलर दंड देण्याचे मान्य केले. गुंतवणूकदारांची दिशाभूल हा त्यातला मुद्दा. ऑक्टोबर 2023 मध्ये 49 राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टनशी 4 कोटी 95 लाख डॉलरची तडजोड झाली. कॅलिफोर्निया वेगळे राहिले होते, त्याच्याशी जून 2024 मध्ये 67 लाख 50 हजार डॉलरवर मिटले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2021 मध्ये दंड न करता समज दिली.

एफटीसीच्या कारवाईत पैसा नव्हता, तरी माझ्या मते तीच सर्वात मोलाची. फेब्रुवारी 2024 मध्ये मांडलेल्या तक्रारीत आयोगाने सुरक्षेतली हयगय हा एक आरोप ठेवला आणि त्याच्या शेजारी आणखी एक स्वतंत्र आरोप ठेवला: गरज संपल्यावरही माहिती ठेवून घेणे. ब्लॅकबॉडकडे सोडून गेलेल्या ग्राहकांची माहिती वर्षानुवर्षे पडून होती. जे कधी ग्राहक झालेच नाहीत, नुसती चौकशी करून गेले, त्यांचीही होती. एखाद्या संस्थेने सेवा बंद केली, दात्यांना कदाचित तसे कळवलेही, तरी ती नावे बॅकअपमध्ये राहिली आणि 2020 च्या हल्ल्यात गेली.

आता संस्थांकडे वळू. त्यांना केवळ बळी म्हणून सोडून देणे मला पटत नाही. सर्व्हर कंपनीचा होता, पण टिपेच्या रकान्यात खाते क्रमांक टाकणारे हात संस्थेचे होते. पंधरा वर्षांपूर्वी एकदाच दहा पौंड देऊन गेलेल्या माणसाची जन्मतारीख पुसायची नाही, हा निर्णयही संस्थेचाच, कोणी बसून घेतलेला नसला तरी. ‘पुढे उपयोगी पडेल’ ही सवय निधी उभारणीत खोल मुरलेली आहे आणि तिला व्यावसायिक कारणही आहे: जुना दाता परत येण्याची शक्यता अनोळखी माणसापेक्षा जास्त असते. हा युक्तिवाद खरा आहे. पण परत हाक मारायला नाव आणि एक पत्ता पुरतो. त्याच्या घराची अंदाजे किंमत, पत्नीचा आजार आणि 2009 मधल्या भेटीत तो काय बोलला, हे लागत नाही.

यावर एक साधी कसोटी आहे आणि ती लावायला वकील लागत नाही. जीडीपीआरखाली कोणताही दाता आपल्याबद्दलची नोंद मागू शकतो आणि त्यात टिपाही येतात. आपण लिहिलेली टीप त्याच माणसाच्या हातात ठेवायला संकोच वाटत असेल, तर ती लिहिण्याआधीच थांबायला हवे होते.

गोपनीयतेच्या पानावर काय हवे

बहुतेक संस्थांच्या पानावर ‘आम्ही विश्वासार्ह सेवा पुरवठादारांसोबत काम करतो’ असे एक वाक्य असते. या वाक्यामागे तेरा हजारांहून अधिक संस्थांची माहिती सांभाळणारी एकच कंपनी असू शकते, हे वाचणाऱ्याला कळत नाही. पुरवठादाराचे नाव लिहायला काय हरकत आहे? 2020 च्या जुलैत बातमी वाचणाऱ्या दात्याला आपली संस्था त्यात आहे का, हे त्या एका नावावरून लगेच समजले असते.

मुदतीबद्दल तर आणखी धूसर लिहिले जाते: ‘आवश्यक असेल तितका काळ’. हे वाक्य वाचून ना दात्याला काही कळते, ना ज्याने पुसायचे त्या कर्मचाऱ्याला. गिफ्ट एडची नोंद 6 वर्षे, स्मरणार्थ दिलेला मजकूर आभाराचे पत्र जाईपर्यंत, वार्तापत्राचा ईमेल नाव काढून टाकेपर्यंत, असे वेगवेगळे लिहिता येते. एफटीसीने ब्लॅकबॉडला दिलेल्या आदेशाचा गाभा हाच आहे: कोणती माहिती कशासाठी ठेवली आहे आणि कधी पुसणार, याचे वेळापत्रक करा, ते पाळा, आणि ज्याची गरज नाही ते पुसून टाका. कंपनीला जे आदेशाने करावे लागले, ते दोन खोल्यांच्या कार्यालयातली संस्था एका दुपारी बसून कागदावर उतरवू शकते.

अवघड जाते ते बॅकअपचे. चालू डेटाबेसमधून नोंद पुसली तरी जुन्या बॅकअपमध्ये ती राहते, आणि या हल्ल्यात नेमके बॅकअपच गेले. पुरवठादाराला म्हणून विचारायचे: पुसलेली नोंद तुमच्या बॅकअपमधून किती दिवसांनी जाते? बॅकअप एन्क्रिप्ट केलेले असतात का? आम्ही सेवा सोडली तर किती दिवसांत सगळे पुसाल आणि तसे लेखी द्याल का? गुळमुळीत उत्तर आले, तर तो पुरवठादार स्वस्त असला तरी महाग पडेल.

एखाद्या ब्रिटिश संस्थेच्या पानावर मग असा मजकूर येऊ शकेल: ‘तुमचे नाव आणि घरचा पत्ता आम्ही गिफ्ट एडसाठी घेतो आणि तुमच्या शेवटच्या देणगीनंतर 6 वर्षांनी पुसतो. ही नोंद अमुक कंपनीच्या सर्व्हरवर असते. आम्ही पुसल्यावर तिच्या बॅकअपमधून ती 90 दिवसांत जाते. तुमच्या ऐपतीची चौकशी आम्ही करत नाही. तुमचा बँक तपशील आमच्या नोंदीत कुठेही लिहिला जात नाही.’ शेवटचे वाक्य छापण्याआधी कोणीतरी टिपेच्या रकान्यांत आणि जोडफाइलींत आकड्यांच्या लांब रांगा शोधून काढल्या पाहिजेत, आणि सापडतील त्या पुसल्या पाहिजेत. ब्लॅकबॉडवरच्या आरोपांत फसव्या सुरक्षा-विधानांचाही एक आरोप होता: पानावर योग्य त्या उपायांचे आश्वासन, आणि आत बॅकअप उघडे.